सामायिकता, मालकी आणि रेस कंडिशन : उपकरण-ड्रायव्हरमधील दोषनिवारणाचा ऐतिहासिक अभ्यास
(एकेरी रेल्वेमार्ग, परम ८००० आणि लिनक्स यांच्या विशेष संदर्भात)

सारांश :
संगणकाच्या कार्यप्रणालीतील उपकरण-ड्रायव्हरमध्ये आढळणारा 'रेस कंडिशन' हा दोष केवळ तांत्रिक चूक म्हणून शिकविला जातो. प्रस्तुत शोधनिबंधात या दोषाकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. एकोणिसाव्या शतकातील एकेरी रेल्वेमार्गाची टोकन पद्धती, डाइक्स्ट्रा यांचा सेमाफोर, पुण्यात घडलेला परम ८००० हा महासंगणक आणि लिनक्स कार्यप्रणालीतील कुलुपांचा प्रवास यांचा आढावा घेतल्यास असे दिसून येते की, रेस कंडिशन ही बहुधा अलिखित गृहीतक मोडल्यामुळे प्रकट होते. तिचे टिकाऊ निवारण अधिक कुलपे लावण्याने होतेच असे नाही. सामायिक वस्तूची मालकी निश्चित केल्याने, किंवा ती सामायिकताच नाहीशी केल्याने, ते अधिक खात्रीने होते.

बीजसंज्ञा : कार्यप्रणाली, उपकरण-ड्रायव्हर, रेस कंडिशन, सेमाफोर, परम ८०००, लिनक्स

१. प्रस्तावना :

कन्नडसारख्या तालुक्याच्या ठिकाणीही आज बँक, तहसील कार्यालय, दवाखाना आणि महाविद्यालय यांचे दैनंदिन व्यवहार संगणकावर अवलंबून आहेत. या संगणकांना जोडलेले मुद्रक, जाळे-कार्ड, हार्ड डिस्क, कॅमेरा इत्यादी उपकरणे चालविण्यासाठी कार्यप्रणालीमध्ये लहान-लहान आज्ञावली असतात. त्यांना उपकरण-ड्रायव्हर असे म्हणतात. वापरकर्त्याला ड्रायव्हर दिसत नाही, पण कार्यप्रणाली कोसळते तेव्हा दोष बहुधा तेथेच सापडतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लिनक्सच्या गाभ्यातील इतर भागांच्या तुलनेत ड्रायव्हरमधील दोषांचे प्रमाण तीन ते सात पटींपर्यंत अधिक असल्याचे नोंदविले होते.

या दोषांपैकी सर्वांत फसवा प्रकार म्हणजे रेस कंडिशन होय. एकाच वस्तूवर दोन प्रक्रिया एकाच वेळी काम करीत असतील आणि अंतिम परिणाम 'कोण आधी पोहोचले' यावर अवलंबून असेल, तर त्या स्थितीला रेस कंडिशन म्हणतात. हा दोष हजार वेळा चाचणी घेऊनही दिसत नाही आणि एखाद्या दिवशी अचानक प्रकट होतो. म्हणूनच तो शोधण्याचा व दुरुस्त करण्याचा इतिहास अभ्यासनीय ठरतो.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती :

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
(अ) रेस कंडिशन या संकल्पनेचा उगम व विकास समजून घेणे.
(आ) महाराष्ट्रात विकसित झालेल्या परम महासंगणकाच्या रचनेचा या समस्येच्या दृष्टीने विचार करणे.
(इ) दोषनिवारणाच्या विविध मार्गांची तुलना करून अध्यापनाच्या दृष्टीने निष्कर्ष काढणे.
यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

३. समस्येचे स्वरूप :

एक साधे उदाहरण घेऊ. जाळे-कार्डाकडून आलेल्या संदेशांची संख्या ड्रायव्हर एका चलात मोजून ठेवतो. 'संख्येत एक मिळवा' ही आज्ञा आपल्याला एक वाटते. प्रत्यक्षात प्रक्रियक बहुधा तीन कृती करतो : स्मृतीतील जुनी संख्या वाचणे, तीत एक मिळविणे आणि नवी संख्या परत लिहिणे. समजा संख्या ४१ आहे. पहिल्या प्रक्रियकाने ४१ वाचले, त्याच क्षणी दुसऱ्यानेही ४१ वाचले. दोघांनी एक-एक मिळविला आणि दोघांनीही ४२ लिहिले. संदेश दोन आले, मोजणी मात्र एकाचीच झाली.

मोजणी चुकली तर नुकसान किरकोळ असते. परंतु त्या जागी स्मृतीचा पत्ता असेल, तर एकच जागा दोघांना दिली जाते किंवा एकच जागा दोनदा मोकळी केली जाते. ड्रायव्हरमध्ये हा धोका अधिक असतो, कारण तेथे तीन दिशांनी काम येते. एक, वापरकर्त्याच्या आज्ञावलीकडून. दोन, उपकरणाने पाठविलेल्या इंटरप्टमुळे, जो कोणत्याही क्षणी चालू काम थांबवू शकतो. तीन, उपकरण मध्येच काढून घेतले गेल्यास. काम सुरू असतानाच कोणी पेन ड्राइव्ह ओढून काढला, तर ड्रायव्हरच्या नोंदी मोकळ्या करणारी प्रक्रिया आणि त्याच नोंदी वापरणारी प्रक्रिया यांची चढाओढ सुरू होते.

४. संगणकपूर्व पार्श्वभूमी : एकेरी रेल्वेमार्ग

दोघांनी एकच वस्तू वापरण्याचा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. निजाम राज्यातील हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेमुळे १९०० च्या सुमारास औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, मनमाडशी जोडले गेले. हा मार्ग दीर्घकाळ एकेरी राहिला. एकेरी मार्गावर समोरासमोरून दोन गाड्या येऊ नयेत ही व्यवस्था करणे म्हणजेच आजच्या परिभाषेत परस्पर-वर्जन होय.

इंग्लंडमधील नॉर्विचजवळ थॉर्प येथे १० सप्टेंबर १८७४ रोजी एकेरी मार्गावर दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर होऊन २५ जणांचा मृत्यू झाला. गाडी सोडण्याची परवानगी देणारा तारसंदेश गेला, तो रद्द करण्याचा प्रयत्न झाला, पण तोपर्यंत गाडी निघून गेली होती. परिस्थिती तपासणे आणि त्यानुसार कृती करणे यांच्या मधल्या काळात परिस्थितीच बदलली. रेस कंडिशनचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण आहे. या अपघातानंतर एडवर्ड टायर यांनी १८७८ मध्ये विद्युत टॅब्लेट यंत्र प्रचारात आणले. दोन स्थानकांतील यंत्रे तारेने जोडलेली असत आणि एका वेळी एकच टॅब्लेट बाहेर निघत असे. ज्या इंजिनचालकाच्या हाती ते असेल त्याचीच गाडी त्या खंडात जाऊ शके. भारतीय रेल्वेवर याच तत्त्वाचे नील यांचे टोकन यंत्र दीर्घकाळ वापरात होते आणि त्यातून निघणारा धातूचा गोळा इंजिनचालकाच्या हाती दिला जाई.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, तारसंदेश ही केवळ माहिती होती, तर टोकन ही मालकी होती. माहिती जुनी होऊ शकते. हातातील गोळा मात्र एकाच वेळी दोघांच्या हाती असू शकत नाही.

५. इंटरप्टचे आगमन आणि सेमाफोर :

संगणकातील हा प्रश्न सर्वप्रथम गांभीर्याने हाताळणाऱ्यांमध्ये डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांचे नाव घ्यावे लागते. ॲमस्टरडॅम येथे इलेक्ट्रोलॉजिका एक्स-१ हा संगणक तयार होत असताना त्यात इंटरप्टची सोय करण्याची कल्पना पुढे आली. टंकयंत्रासारखे संथ उपकरण काम करीत असताना प्रक्रियकाने वाट पाहत बसू नये, उपकरणानेच काम झाल्याची सूचना द्यावी, असा तिचा हेतू होता. डाइक्स्ट्रा यांनी ही कल्पना सहजासहजी मान्य केली नाही. इंटरप्ट कोणत्या क्षणी येईल हे सांगता येत नाही, त्यामुळे एकदा घडलेली चूक पुन्हा तशीच घडवून दाखविता येणार नाही, हा धोका त्यांनी ओळखला होता. या उपकरणांशी संवाद साधणारी आज्ञावली हाच त्यांच्या १९५९ मधील पीएच. डी. प्रबंधाचा विषय होता. आजच्या भाषेत तो उपकरण-ड्रायव्हरचा अभ्यास होता, असे म्हणणे वावगे ठरू नये.

पुढे १९६५ मध्ये त्यांनी परस्पर-वर्जनाच्या समस्येवरील प्रसिद्ध निबंध लिहिला आणि त्याच दशकात 'सेमाफोर' ही संकल्पना मांडली. सेमाफोर म्हणजे रेल्वेचा हात असलेला सिग्नल. रेल्वेने अपघातातून शिकलेला धडा अशा रीतीने नावासह संगणकशास्त्रात आला.

मात्र कुलूप आले की त्यासोबत दुसरा प्रश्नही येतो. कन्नड–चाळीसगाव दरम्यानच्या औट्रम घाटातून प्रवास करणाऱ्यांना तो सांगण्याची गरज नाही. अरुंद जागी दोन जड वाहने समोरासमोर आली आणि दोघांच्याही मागे रांग लागली, की कोणालाच पुढे वा मागे सरकता येत नाही. दोन प्रक्रियांनी एक-एक कुलूप धरून दुसऱ्याच्या कुलपाची वाट पाहणे ही तीच कोंडी होय, आणि तिला डेडलॉक म्हणतात.

६. परम ८००० : सामायिकता टाळणारी रचना

या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा महाराष्ट्रात घडला. अमेरिकेने महासंगणकाच्या निर्यातीवर निर्बंध घातल्याच्या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाले. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक साकार झाला. या घटनेचा उल्लेख बहुधा राष्ट्रीय स्वाभिमानाच्या संदर्भात केला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु त्याच्या अंतर्गत रचनेकडे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फारसे लक्ष दिले जात नाही.

परम ८००० मध्ये इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर हे प्रक्रियक वापरले होते. प्रत्येक ट्रान्सप्युटरला स्वतःची स्मृती आणि शेजाऱ्यांशी जोडणारे चार दुवे असत. सर्व प्रक्रियकांची मिळून एकच सामायिक स्मृती नव्हती. एकाला दुसऱ्याकडील माहिती हवी असेल, तर ती दुव्यावरून संदेशाद्वारे मागवावी लागे. या रचनेमागे टोनी होअर यांनी १९७८ मध्ये मांडलेला संवादी प्रक्रियांचा सिद्धान्त होता. ट्रान्सप्युटरसाठी तयार केलेल्या ऑकॅम भाषेत तर, समांतर चालणाऱ्या दोन प्रक्रियांपैकी एक ज्या चलात लिहिते ते दुसरीने वापरणे हेच नियमबाह्य होते आणि भाषांतरक आज्ञावली तयार होतानाच ती चूक दाखवीत असे.

याचा अर्थ परम ८००० मध्ये समांतर संगणनाच्या सर्व अडचणी संपल्या होत्या असा नाही. संदेशांचा क्रम चुकू शकतो, दोन प्रक्रिया एकमेकींच्या संदेशाची वाट पाहत अडकू शकतात आणि माहितीची ने-आण करण्यात वेळही खर्च होतो. तथापि दोन नोड्सनी एकाच स्मृतीस्थानावर एकाच वेळी लिहिण्याची शक्यता रचनेतच उरली नव्हती. टोकनाच्या पुढे जाऊन प्रत्येक गाडीला स्वतंत्र रूळ देण्यासारखे हे होते.

पुढील काळात बाजारात सहज मिळणाऱ्या प्रक्रियकांकडे वाटचाल झाली. १९९८ मधील परम १०००० मध्ये अल्ट्रास्पार्क प्रक्रियकांचे, सामायिक स्मृती असलेले नोड्स आले आणि ते सी-डॅकने विकसित केलेल्या परमनेट या जाळ्याने जोडले गेले. नोड्समध्ये संदेश आणि नोडच्या आत सामायिक स्मृती अशी ही मिश्र व्यवस्था होती. अशा नोडवर जाळे-कार्डाचा ड्रायव्हर लिहायचा तर एकाहून अधिक प्रक्रियक एकाच वेळी त्यात शिरतील हे गृहीत धरणे अपरिहार्य ठरते. जी समस्या १९९१ मध्ये रचनेने दूर ठेवली होती, ती गती आणि उपलब्धता यांच्या मोबदल्यात नोडच्या आत परत आली. आज पुण्यातील आयसर संस्थेत २०१९ पासून असलेल्या परम ब्रह्मसारख्या महासंगणकांवर लिनक्स कार्यप्रणाली चालते. म्हणून लिनक्समध्ये या समस्येचे काय झाले हे पाहणे क्रमप्राप्त आहे.

७. लिनक्स : एका कुलपाकडून अनेक कुलपांकडे

लिनक्सचा आरंभ १९९१ मध्ये झाला तेव्हा तो एकाच प्रक्रियकासाठी होता. गाभ्यातील काम सुरू असताना दुसरी प्रक्रिया मध्ये येणार नाही, हे बहुतेक ड्रायव्हर-लेखकांचे न बोललेले गृहीतक होते. १९९६ मध्ये लिनक्स २.० ने एकाहून अधिक प्रक्रियक चालविण्याची सोय केली आणि ते गृहीतक मोडले. त्यावर तात्पुरता उपाय म्हणून संपूर्ण गाभ्याला एकच मोठे कुलूप लावण्यात आले. ते 'बिग कर्नल लॉक' या नावाने ओळखले जाते.

हा उपाय सुरक्षित, परंतु संथ होता. संपूर्ण गावाला एकच नळ असावा तशी स्थिती झाली. त्यामुळे पुढील आवृत्त्यांत प्रत्येक उपप्रणालीला व उपकरणाला स्वतंत्र लहान कुलपे देण्यात आली. मात्र मोठे कुलूप काढताना एक अडचण उभी राहिली : ते नेमके कशाचे रक्षण करीत आहे, याची नोंदच अनेक ड्रायव्हरमध्ये नव्हती. एकेक ड्रायव्हर तपासून हे कुलूप पूर्णपणे काढण्यास २०११ पर्यंत, म्हणजे १५ वर्षे लागली. कुलूप लावणे सोपे असते. ते कशासाठी लावले हे लिहून न ठेवल्याची किंमत पुढील पिढीला मोजावी लागते.

लहान कुलपांचेही नियम आहेत. 'स्पिनलॉक' धरणाऱ्या प्रक्रियेने झोपायचे नसते, कारण कुलपाची वाट पाहणारा प्रक्रियक तेथेच घिरट्या घालीत असतो. दीर्घ काम असल्यास 'म्युटेक्स' वापरावा लागतो. परंतु म्युटेक्ससाठी झोपून वाट पाहावी लागत असल्याने तो इंटरप्टमध्ये चालत नाही. इंटरप्टमध्येही लागणारे स्पिनलॉक घेण्यापूर्वी त्या प्रक्रियकावरील इंटरप्ट थांबवावे लागतात. अन्यथा कुलूप धरलेल्या प्रक्रियेला अडवून आलेला इंटरप्ट तेच कुलूप मागतो आणि प्रक्रियक स्वतःचीच वाट पाहत बसतो.

८. न दिसणाऱ्या दोषाचे परिणाम :

रेस कंडिशनचे परिणाम संगणक बंद पडण्यापुरते मर्यादित नाहीत. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रामुळे १९८५ ते १९८७ या काळात किमान सहा गंभीर अपघात झाले आणि त्यांत रुग्णांचे प्राणही गेले. त्यांपैकी काही अपघातांत, यंत्रचालकाने नोंद चटकन दुरुस्त केल्यास आज्ञावलीतील एका भागाला ती दुरुस्ती कळतच नसे, असे आढळले. विशेष म्हणजे हाच दोष थेरॅक-२० या आधीच्या यंत्रातही होता. त्यात स्वतंत्र यांत्रिक संरक्षण असल्याने इजा होत नव्हती. नव्या यंत्रात ते संरक्षण काढून सर्व भार आज्ञावलीवर टाकण्यात आला आणि लपलेला दोष प्राणघातक ठरला.

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका व कॅनडात सुमारे पाच कोटी लोकांचा वीजपुरवठा खंडित झाला. त्या दिवशी एका वीज कंपनीची धोक्याची सूचना देणारी प्रणाली रेस कंडिशनमुळे निकामी झाली होती आणि बिघाड पसरत असल्याचे कर्मचाऱ्यांना वेळीच समजले नाही. पुढे अभियंत्यांनी आज्ञावलीत मुद्दाम विलंब घालून तो दुर्मीळ क्षण पुन्हा घडवून आणला, तेव्हा दोष सापडला.

९. एक दुरुस्ती : एन-एचडीएलसी ड्रायव्हर

लिनक्समधील एका प्रत्यक्ष दुरुस्तीचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. क्रमिक दुव्यावरून माहिती पाठविण्यासाठी असलेल्या एन-एचडीएलसी या ड्रायव्हरमध्ये, पाठविण्याचे काम सुरू असलेला बफर एका स्वतंत्र चलात नोंदविलेला असे. पाठविणे अयशस्वी झाल्यास तोच बफर पुन्हा घेता यावा हा त्यामागील हेतू होता. २००९ मध्ये पाठवणीची रांग रिकामी करण्याची नवी सोय या ड्रायव्हरमध्ये जोडण्यात आली. त्यानंतर पाठविणारी प्रक्रिया आणि रांग रिकामी करणारी प्रक्रिया या दोघीही तो एकच बफर 'मोकळा' म्हणून यादीत टाकू शकत होत्या. दुवा बंद होताना तो बफर दोनदा मुक्त केला जाई आणि त्याचा गैरफायदा घेऊन सामान्य वापरकर्त्यास संगणकाचा संपूर्ण ताबा मिळविता येत असे. अलेक्झांडर पोपोव्ह या संशोधकाने सिझकॉलर या स्वयंचलित चाचणी-साधनाच्या मदतीने हा दोष शोधला आणि २०१७ मध्ये तो दुरुस्त झाला.

याद्यांना तेथे कुलपे होतीच. दोष होता तो याद्यांच्या बाहेर राहिलेल्या त्या एका चलात. दुरुस्तीत त्या चलाभोवती आणखी एक कुलूप लावले नाही, तर ते चलच काढून टाकण्यात आले. पाठवणी अयशस्वी झाल्यास बफर रांगेच्या आरंभी परत ठेवावा, अशी व्यवस्था झाली. बफर कोणाचा, या प्रश्नाचे एकच उत्तर उरले आणि चढाओढ संपली. परम ८००० च्या रचनेमागील तत्त्वाशी याचे असलेले साम्य लक्षणीय आहे.

१०. चाचणीकडून पुराव्याकडे :

नेहमीची चाचणी येथे अपुरी पडत असल्याने विशेष साधने निर्माण झाली. २००६ मध्ये लिनक्समध्ये आलेले 'लॉकडेप' कुलपे घेण्याचा क्रम नोंदवून ठेवते आणि कोंडी प्रत्यक्ष होण्यापूर्वीच तिची शक्यता दाखविते. २०२० मध्ये समाविष्ट झालेले 'केसीसॅन' काही स्मृतीस्थानांवर क्षणभर पाळत ठेवून त्याच वेळी दुसरे कोणी तेथे लिहिते का हे पाहते. ही साधने मोलाची आहेत. मात्र ती मुख्यतः चालविलेल्या मार्गांविषयीच बोलू शकतात. न चाललेल्या मार्गाविषयीचा विचार मनुष्यालाच करावा लागतो.

११. अध्यापनाच्या दृष्टीने विचार :

आपल्या महाविद्यालयांत सेमाफोरची व्याख्या आणि त्यावरील ठरावीक उदाहरणे शिकविली जातात. विद्यार्थी ती परीक्षेत अचूक लिहितो, परंतु स्वतःची आज्ञावली प्रयोगशाळेत दहा वेळा बरोबर चालली की ती निर्दोष आहे असे मानतो. हा समज दूर करणे हे अध्यापकाचे खरे काम आहे.

यासाठी परिसरातील उदाहरणे उपयोगी पडतात. मराठवाड्यात भावकीच्या सामायिक विहिरीवर पाण्याची पाळी ठरलेली असते. मोट असताना ठरलेली पाळी वीजपंप आल्यावर तशीच लागू पडत नाही, आणि भारनियमनाच्या वेळा बदलल्या की पुन्हा वाद होतो. पाळी तोंडी असेल तर वाद वाढतो. ड्रायव्हरमधील प्रत्येक सामायिक चलाबाबतही 'याची पाळी कोणाची व ती कोणत्या कुलपाने ठरते' हे विद्यार्थ्याने आज्ञावलीत लिहूनच ठेवावे, असा आग्रह प्रात्यक्षिकात धरता येईल. तसेच आज्ञावलीत मुद्दाम विलंब घालून दोष घडवून दाखविणे ही बिनखर्चाची आणि परिणामकारक पद्धत आहे.

१२. निष्कर्ष :

(१) रेस कंडिशन बहुधा यंत्रणा बदलताना प्रकट होते. एक्स-१ मधील इंटरप्ट, लिनक्समधील दुसरा प्रक्रियक, थेरॅकमधील काढलेले संरक्षण आणि एन-एचडीएलसीमधील नवी सोय या चारही प्रसंगी पूर्वीचे अलिखित गृहीतक लागू राहिले नाही.
(२) कुलूप हा आवश्यक उपाय आहे, परंतु ते कशाचे रक्षण करते याची नोंद नसल्यास तेच पुढे अडथळा ठरते.
(३) सामायिकता नियंत्रित करण्यापेक्षा ती कमी करणे अधिक टिकाऊ ठरते. मात्र त्यासाठी गती व सोय यांची काही किंमत द्यावी लागते, हे परम ८००० ते परम १०००० या प्रवासातून दिसते.
(४) यशस्वी चाचणी म्हणजे निर्दोषत्वाचा पुरावा नव्हे, ही जाणीव पदवी स्तरावरच रुजविणे आवश्यक आहे.

आज आपण शिकविलेले विद्यार्थी उद्या रुग्णालयातील यंत्रे, वीजवितरण आणि रेल्वे यांच्या आज्ञावली लिहिणार आहेत. त्यांनी नवी सोय जोडण्यापूर्वी 'आतापर्यंत आपण काय गृहीत धरले होते?' हा एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतली, तरी या विषयाच्या अध्यापनाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.